फ्लॉपीला कुलूप

जगात माणसांचे दोन प्रकार आहेत : कुलूप लावल्यावर ते एकदा ओढून पाहणारे आणि दोनदा ओढून पाहणारे. बँकेत नोकरी करणारा माणूस या दोन्हींत बसत नाही. तो कुलूप ओढून पाहतो, मग शेजारच्या सहकाऱ्याला ओढायला लावतो आणि दोघांनी ओढून पाहिल्याबद्दल रजिस्टरात दोघांच्या सह्या घेतो. आमच्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या. एक हेडकॅशियरपाशी, दुसरी मॅनेजरसाहेबांपाशी. दोघे एकत्र आल्याशिवाय दार उघडत नाही. दोघांच्या एकमताने उघडणारी बँकेची तिजोरी आणि सासू-सुनेच्या एकमताने चालणारं घर, एवढ्या दोनच ठिकाणी ही व्यवस्था असते. त्यातलं दुसरं मी फक्त ऐकून आहे.

पण या व्यवस्थेतली खरी मेख वेगळीच आहे. या किल्ल्यांचा डुप्लिकेट जोड सीलबंद होऊन दुसऱ्या शाखेत पडलेला असतो. कारण बँकेला एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. चोर दहा वर्षांत एकदा येईल, न येईल. किल्ली कुठे ठेवली ते विसरणारा माणूस रोज सकाळी साडेदहाला हजर असतो.

एवढी साधी अक्कल काही अतिशय हुशार लोकांना फार उशिरा आली. त्यांचा इतिहास मी आज सांगणार आहे. ही मंडळी बहुतेक अमेरिकेतली, कुलूप फ्लॉपीचं, आणि त्याची झळ लागली ती थेट बीड जिल्ह्यातल्या आमच्या पाटोद्याला.

आता फ्लॉपी म्हणजे काय, हेही सांगायला हवं. परवा माळ्यावर एक सापडली. मुलाच्या हातात दिली तर त्याने ती उलटसुलट करून विचारलं, "बाबा, हिला चार्जिंग कुठून करायची?"

तर फ्लॉपी म्हणजे लवचीक प्लास्टिकची, चुंबकीय थर दिलेली पातळ चकती, चौकोनी पाकिटात कायमची कोंडलेली. १९७१ साली आयबीएमने आणली तेव्हा ती आठ इंची, म्हणजे जेवणाच्या ताटाच्या जवळपास होती. १९७६ साली सव्वापाच इंची, म्हणजे उडदाच्या पापडाएवढी निघाली आणि हीच पुढे कचेऱ्याकचेऱ्यांत शिरली. तिच्यावरची मांडणी आम्हा कॉमर्सवाल्यांना चटकन कळते, कारण ती सरळसरळ खतावणी आहे. चकतीवर ४० वर्तुळं, त्यांना ट्रॅक म्हणायचं. ही खतावणीची पानं. दर ट्रॅकचे ९ तुकडे, ते सेक्टर. हे पानावरचे रकाने. दर रकान्यात ५१२ अक्षरं, आणि लिहायचं दोन्ही बाजूंनी. गुणाकार करा : ४० गुणिले ९ गुणिले २ गुणिले ५१२. उत्तर ३,६८,६४० अक्षरं. याला '३६० के' म्हणत. आजच्या मोबाइलने काढलेला सत्यनारायणाच्या पूजेचा एक फोटोही त्यात मावणार नाही. त्या काळी त्यात अख्खी कचेरी मावायची.

दर रकान्याच्या डोक्यावर त्याचा नंबर असे आणि तळाशी त्यातल्या मजकुराची एक तपासणीची बेरीज. वाचताना बेरीज जुळली तर मजकूर शाबूत, नाही जुळली तर रकाना खराब. म्हणजे कारभार अगदी चोख.

इथेच भांडणाला तोंड फुटलं. १९८३ च्या जानेवारीत 'लोटस १-२-३' नावाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर अमेरिकेत विक्रीला आलं. किंमत ४९५ डॉलर. त्या वेळच्या भावाने पाच हजार रुपयांच्या आसपास. आणि हे पाच हजार ज्या चकतीवर बसलेले, तशी कोरी चकती मिळायची त्या मानाने चिल्लर पैशांत. एक कोरी आणायची, मित्राची मागायची, नक्कल करायची, झालं! वहीची नक्कल करताना निदान हात तरी दुखतो. इथे यंत्र घुरघुरायचं आणि आपण चहा प्यायचा.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचं गाऱ्हाणं खोटं नव्हतं, हे मी इथे कबूल करतो. सॉफ्टवेअर अजून फ्लॉपीवर नव्हे, भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवर मिळायचं, त्या काळात, म्हणजे १९७६ च्या फेब्रुवारीत, बिल गेट्स नावाच्या वीस वर्षांच्या पोराने हौशी संगणकवाल्यांना उघडं पत्र लिहिलं होतं. त्याचा मथितार्थ असा की, यंत्राचे पैसे देता, मग त्यावर चालणाऱ्या प्रोग्रामचे द्यायला हात का आखडतो? कष्ट करणाऱ्याला दाम मिळू नये असं कोण म्हणेल? आमचंही लिखाण लोक पुस्तक विकत न घेता मागून वाचतात. फरक एवढाच की, ते परत देताना हसू आलं नाही म्हणूनही सांगतात.

तर कंपन्यांनी ठरवलं, फ्लॉपीलाच कुलूप घालायचं. पण कसं? फ्लॉपी वाचता तर आली पाहिजे, नाही तर गिऱ्हाईक पैसे परत मागेल. आणि तिची नक्कल तर होता कामा नये. डोळ्यांनी बघता यावा पण उतरवून घेता येऊ नये असा कागद तयार करायचा म्हणजे परीक्षा मंडळाचंच काम! पण या लोकांनी ते केलं, आणि केलं ते नक्कल करणाऱ्या यंत्राचा स्वभाव ओळखून.

संगणकाचं नक्कल करणारं साधं फर्मान हे नव्या शिकाऊ कारकुनासारखं असतं. ४० पानांची वही उतर म्हटलं की ४० पानं उतरतो. तेव्हा कंपन्यांनी गुपित लिहिलं एकेचाळिसाव्या पानावर. ट्रॅकच्या ठरलेल्या संख्येपलीकडेही चकतीवर थोडी जागा उरते. तिथे एक खूण ठेवायची. प्रोग्राम सुरू झाला की आधी एकेचाळिसाव्या पानावर डोकवायचा. खूण दिसली तर 'या, बसा', नाही दिसली तर दार बंद. शिकाऊ कारकुनाने उतरवलेल्या वहीत ते पान कुठून येणार?

दुसरी युक्ती त्याहून बेरकी. एका रकान्याची तपासणीची बेरीज मुद्दाम चुकवून ठेवायची. साधी नक्कल एक तर तिथे अडून बसे, नाही तर मोठ्या प्रामाणिकपणे बेरीज दुरुस्त करून लिही. प्रोग्राम बघायचा, चूक आहे का? चूक सापडली तर माल अस्सल. सगळं बरोबर असेल तर चोरीचा! आमच्या ऑडिटरांनी हे वाचू नये.

कुणी एकाच नंबराचे दोन रकाने ठेवले, कुणी रकान्यांची लांबी वेडीवाकडी केली. पण मला सगळ्यांत आवडते ती चौथी युक्ती. फ्लॉपीवर एखादी जागा अशी ठेवायची की तिथलं चुंबकत्व ना धड इकडचं ना धड तिकडचं. त्यामुळे ती जागा वाचावी तेव्हा वेगळंच उत्तर यायचं. नक्कल करताना यंत्र त्यातलं एक उत्तर धरून पक्कं लिहून टाकी. मग प्रोग्राम ती जागा चार वेळा वाचायचा. चारही वेळा तेच उत्तर आलं की समजायचं, ही नक्कल!

हे कळलं तेव्हा मी त्या अनोळखी इंजिनिअरला मनातल्या मनात नमस्कार केला. कारण सह्या तपासण्यात ज्याची नोकरी गेली त्याला हे बरोबर कळतं. माणसाची खरी सही दर वेळी थोडी वेगळी येते. कधी शेपूट लांब, कधी टिंब गायब. नमुन्याच्या सहीवर अगदी तंतोतंत बसणारी सही आली की सावध व्हायचं, कारण ती गिरवलेली असण्याचा संभव असतो. अस्सल माणूस डळमळतो; नक्कल ठाम असते. हे तत्त्वज्ञान फ्लॉपीवाल्यांना आणि बँकेच्या कारकुनांना एकमेकांना न भेटता सापडलं.

व्हॉल्ट नावाच्या कंपनीने तर 'प्रोलॉक' पद्धतीत फ्लॉपीच्या पृष्ठभागावर एक बारीकसा ओरखडाच काढला. प्रोग्राम त्या जागी काही लिहायला बघे. लिहिलं गेलं नाही तर फ्लॉपी खरी, कारण ओरखड्यावर लिहिता येतच नाही. अंगावरच्या जन्मखुणेवरून जत्रेत हरवलेला मुलगा ओळखायची ही आपल्या सिनेमातली रीत. अमेरिकेत तिचे पैसे घेतात.

एवढं झाल्यावर गिऱ्हाइकाच्या वाट्याला काय आलं? संगणकाच्या पोटात हार्डडिस्क असली, सगळा प्रोग्राम तिच्यावर चढवलेला असला, तरी सुरू करताना मूळ फ्लॉपी 'ए' नावाच्या खाचेत घालावी लागायची. तिला म्हणायचे 'की डिस्क', म्हणजे किल्लीची फ्लॉपी. काही फ्लॉप्यांत मोजून एकदोनदाच प्रोग्राम चढवायची मुभा असे. हार्डडिस्क बिघडली की तुमची संधीही तिच्याबरोबर गेली. काही खेळ दर वेळी विचारायचे, सोबतच्या पुस्तिकेतल्या अमक्या पानावरचा तमका शब्द सांगा. त्या पुस्तिकेची झेरॉक्स निघू नये म्हणून १९८९ च्या 'सिमसिटी'वाल्यांनी गडद लाल कागदावर काळ्या शाईने तक्ता छापला. झेरॉक्स निघत नव्हती हे खरं. दिव्याशिवाय तो वाचताही येत नव्हता.

कुलूप निघालं की किल्लीवाला निघतोच. सेंट्रल पॉइंट सॉफ्टवेअर या कंपनीने कुलूपबंद फ्लॉप्यांची नक्कल करणारा 'कॉपी टू पीसी' हा प्रोग्राम विकायला काढला. व्हॉल्टच्या ओरखड्याला गुंगारा देणारा प्रोग्राम कॅनडातल्या क्वेड सॉफ्टवेअरने विकला. व्हॉल्टने क्वेडवर दावा लावला. १९८८ साली अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने क्वेडच्या बाजूने कौल दिला. मुद्दा असा की, विकत घेतलेल्या वस्तूची राखीव प्रत करून ठेवणं हा अशा प्रोग्रामचा सरळ, कायदेशीर उपयोग आहे. म्हणजे आमचा डुप्लिकेट किल्लीचा मुद्दा!

आणि राखीव प्रत लागायचीच. फ्लॉपी ही नाजूक जात. धूळ, ऊन, दमट हवा, चुंबक, पोराटोरांची बोटं, यांतलं काहीही तिला बाधे. ज्या वस्तूचं मरण इतकं जवळ, तिच्यावर एकुलती एक किल्ली कोरायची, हा घोटाळा होता. आता आमच्या पाटोद्याकडे वळतो.

१९९७ साली मी बी. कॉम. करत होतो आणि संध्याकाळी गावातल्या एका पतसंस्थेत चलनं लिहायला जात होतो. पतसंस्थेने नगरहून जुना संगणक आणला होता आणि शहरातल्या एका कंपनीकडून हिशेबाचं सॉफ्टवेअर रीतसर, पावती घेऊन विकत घेतलं होतं. सोबत किल्लीची फ्लॉपी, सव्वापाच इंची. ती तिजोरीत, नोटांच्या शेजारी, मखमली पिशवीत असायची.

दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाला चोपड्या मांडल्या, तिजोरी मांडली, संगणकाला झेंडूचा हार घातला. आणि कुणीतरी भाविकपणे मखमली पिशवीतून फ्लॉपी काढून पाटावर ठेवली. चेअरमनसाहेबांनी सगळ्यांवर हळद-कुंकू वाहिलं. फ्लॉपीच्या पाकिटाला एक लांबट खिडकी असते, तिच्यातून उघडी चकती दिसते. कुंकू बरोबर तिथे पडलं. सवाष्णीच्या कपाळावर शोभेल इतकं ठसठशीत.

भाऊबीज झाली, पतसंस्था उघडली, संगणक सुरू केला. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली : 'इन्सर्ट की डिस्क इन ड्राइव्ह ए'. फ्लॉपी घातली. घुर्रर्र. पुन्हा तीच ओळ. फुंकर मारली, धोतराच्या सोग्याने पुसली. पुन्हा तीच ओळ.

बाहेर गर्दी वाढत होती. आमचा तालुका बालाघाटच्या डोंगरातला, कोरडवाहू. दिवाळी झाली की कितीतरी घरं कोयता घेऊन पश्चिमेकडच्या साखर कारखान्यांवर ऊस तोडायला निघतात. मुकादमाकडून मिळालेली उचल काहींनी जपून पतसंस्थेत ठेवलेली असते. निघायच्या दिवशी त्यातले थोडे काढायचे, वाटेचा शिधा घ्यायचा, म्हाताऱ्यांच्या हातावर काही ठेवायचे. रस्त्यावर ट्रक उभे होते. त्यांत भांडीकुंडी, शेळ्या, पोरं चढलेली. आणि पैसे अडले होते संगणकात.

रांगेतल्या एका मावशीने फ्लॉपीकडे बोट दाखवून विचारलं, "म्हंजी आमचे पैसे या पापडात हायेत व्हय?"

याहून नेमकं वर्णन मी आजवर कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

एसटीडी बूथवरून कंपनीला फोन केला. तिकडून गोड आवाजात सांगण्यात आलं की, मूळ फ्लॉपी रजिस्टर पोस्टाने पाठवा. ती आमचीच असल्याची आणि खरंच खराब झाल्याची खात्री झाली की दुसरी पाठवू. पंधरा-वीस दिवस धरा. रस्त्यापलीकडच्या आडत दुकानदाराकडे मात्र हेच सॉफ्टवेअर झकास चाललं होतं. त्याच्याकडे कुठून कुठून नक्कल होत आलेलं. त्यातलं फ्लॉपी मागणारं तेवढं कलम कुणीतरी काढून टाकलेलं होतं. तो उदारपणे म्हणाला, "घेऊन जा की! कामून अडून बसता?"

आमचे वयस्क हेडक्लार्क, ज्यांना सगळे आण्णा म्हणत, ते पावती हातात धरून म्हणाले, "पावती आपल्यापाशी, अन् चालतंय त्याचं!"

नक्कल मात्र त्यांनी घेतली नाही. आतल्या कपाटातून लाल कापडी बांधणीची जुनी खतावणी काढली. संगणक आल्या दिवसापासून सगळे त्यांना हसत होते, पण त्यांनी ती हाताने भरायचं सोडलं नव्हतं. त्या खतावणीवरून बाकी बघत, अंगठे घेत, आम्ही पैसे दिले. शेवटचा ट्रक रात्री साडेनऊला हलला. डुप्लिकेट किल्ली कशाला म्हणतात ते मी बँकेत लागण्याआधीच शिकलो, ते असं.

त्या दिवसाने कुलपाचा एक नियमही शिकवला. सॉफ्टवेअरचं कुलूप जगात एकदाच, एकाच हुशार माणसाने फोडावं लागतं. पुढे ती उघडी प्रत हजारो ठिकाणी जाते. चोरीच्या प्रतीला कुलूपच नसतं. कुलपाशी रोज झटापट करतो तो फक्त पावतीवाला.

नक्कल करणाऱ्यांवर आणखी एक इलाज लाहोरात निघाला. बासित आणि अमजद अल्वी या दोघा भावांचं संगणकाचं दुकान होतं. आपल्या वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या नकला होतात म्हणून त्यांनी १९८६ साली फ्लॉपीच्या पहिल्या रकान्यात बसणारा, फ्लॉपीवरून फ्लॉपीवर पसरणारा एक प्रोग्राम लिहिला, आणि त्यात चक्क स्वतःचं नाव, पत्ता आणि फोन नंबर घातला. तोच 'ब्रेन', आयबीएम-छाप संगणकांवरचा पहिला व्हायरस. चोर पकडायला पाठवलेला हवालदार चोरांबरोबर जगभर हिंडून आला, आणि हवालदाराच्या घरी परदेशांतून फोन येऊ लागले.

लाहोरच्या या दोघा भावांची गोष्ट पुण्याच्या दोघा भावांशिवाय पुरी होत नाही. मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करत, पुढे संगणक दुरुस्त करू लागले. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत उसन्या फ्लॉप्यांबरोबर आलेले व्हायरस असायचे. संगणकशास्त्र शिकणारे धाकटे बंधू संजय यांनी ते काढणारे प्रोग्राम लिहिले. त्यातून १९९०च्या दशकाच्या मध्यावर 'क्विक हील' उभं राहिलं आणि २०१६ साली ही कंपनी शेअर बाजारात गेली. फ्लॉप्यांच्या देवाणघेवाणीने काहींचं वाटोळं केलं तसं एका मराठी घराचं भलंही केलं.

मराठी अक्षरांनाही कुलूप होतंच. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकचं 'जिस्ट' कार्ड म्हणजे संगणकात बसवायची पट्टीच होती. तिची नक्कल फ्लॉपीवर कशी होणार? पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकच्या 'श्रीलिपी'बरोबर हार्डवेअर लॉक यायचं. संगणकाच्या पाठीमागे खोचायचं ठोकळ्यासारखं लॉक. ते खोचलं तर मराठी, काढलं तर मुकेपण. लग्नपत्रिका छापणारे कितीतरी डीटीपीवाले रात्री दुकान बंद करताना संगणक तिथेच ठेवून हे लॉक खिशात घालून घरी नेत. म्हणजे कुलूप घरी आणि घर दुकानात!

कायदा काय म्हणत होता? आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ साली दुरुस्ती झाली आणि संगणकाचा प्रोग्राम 'साहित्यकृती'त जमा झाला. तेव्हापासून 'लोटस १-२-३' आणि प्रस्तुत लेखक कायद्याच्या एकाच पंगतीत जेवतात. १९९४ ची दुरुस्ती १९९५ च्या मे महिन्यात अमलात आली. तिने प्रोग्राम रीतसर बाळगणाऱ्याला राखीव प्रत काढून ठेवायची मुभा दिली. म्हणजे १९९७ च्या दिवाळीत डुप्लिकेट किल्लीचा हक्क आमच्या पतसंस्थेला होता. पण हक्क दिल्लीत, आणि फ्लॉपी पाटोद्यात. तिला कायदा वाचता येत नव्हता.

अमेरिकेत शहाणपण त्याआधीच आलं होतं. रीतसर गिऱ्हाइकांच्या शिव्या खाऊन १९८६ च्या सुमारास मोठ्या कंपन्यांनी एकामागून एक फ्लॉपीचं कुलूप काढलं, आणि दशक सरता सरता लोटसनेही काढलं. पुढे फ्लॉपीही गेली. सोनीने २०११ साली तिची विक्री थांबवली. जपान सरकारने २०२४ मध्ये आपल्या नियमांतून तिची हकालपट्टी केली.

आज जुनी सॉफ्टवेअर जपून ठेवणारे अभ्यासक चकत्यांवरचं विरत चाललेलं चुंबकत्व खास यंत्रांनी टिपून घेतात. पुष्कळदा अस्सल, कुलूपबंद फ्लॉपी मुकी होऊन गेलेली असते, आणि हाती लागते ती त्या काळी कुणीतरी कुलूप फोडून केलेली नक्कल. ज्यांना चोर म्हणून हाकललं, त्यांच्याच घरी वारसा सापडावा, याला काय म्हणावं? मी चोरीची तरफदारी करत नाही. तसं केलं तर माझी पेन्शन धोक्यात येईल. मी फक्त डुप्लिकेट किल्लीची तरफदारी करतो.

दिवाळीनंतर आमच्या तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवरून चक्कर मारलीत तर दारोदार कुलपं दिसतील. पण किल्ली बहुधा शेजारच्या म्हातारीकडे असते, आणि ते गावात सगळ्यांना माहीत असतं. पाऊस आत शिरला, मांजर कोंडलं, तर ती दार उघडते, बघते, पुन्हा लावते. ते कुलूप लोकांना एवढंच सांगतं की, मंडळी ऊसतोडीला गेली आहेत, उन्हाळ्यात येतील. असं कुलूप बनवणारी सॉफ्टवेअर कंपनी निघाली, तर मी तिचं सॉफ्टवेअर रोख पैसे मोजून घेईन. पावतीसह.